मरून राहिला होता

माझं माहेर अमरावतीचं आणि सासर पुण्याचं. लग्न होऊन गेले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझी बोली सुधारायला घेतली. 'मले' म्हणायचं नाही, 'मला' म्हणायचं. 'काहून' नाही, 'का'. 'मी गेली' नाही, 'मी गेले'. मी जन्माची फटकळ, पण तेव्हा नवी होते, म्हणून मुकाट्यानं गेले-आले-बसले घोकत राहिले. पुढे ह्यांची नेमणूक अकोल्याच्या कचेरीत झाली आणि मी परत वऱ्हाडात आले. वाटेत काळी जमीन दिसायला लागली तशी माझी जीभ आपोआप सैल सुटली. हे बैलांच्या दमणीत बसल्या बसल्या कपाळाला हात लावून म्हणाले, "झालं, सुरू झालं तुझं मले-तुले." मी म्हटलं, आता तुम्ही माझ्या मुलखात आला आहात, तेव्हा गुमान बसा.

कचेरीत ह्यांचं काम गोषवारे लिहिण्याचं. एका खटल्याचे सगळे कागद दोरीत ओवून ठेवत, त्याला मिसल म्हणायचे. पंचनामा, पाटलाचा कागद, साक्षीदारांच्या जबान्या, सगळं त्यात. साहेब मराठी शिकलेला होता म्हणे, पण ती नुसती शिकलेली मराठी. त्याला बाजारात कांदे आणायला पाठवलं असतं तर हात हलवत परत आला असता. मोडी कागदांचा तो गठ्ठा चाळायला त्याला सवडही नव्हती. म्हणून प्रत्येक जबानीचं सार दोन-चार ओळींत काढून मिसलीवर एक पान लावायचं, आणि साहेब तेवढं पान ऐकून निकाल द्यायचा. अपील झालं की तेच पान वर ठेवून मिसल अमरावतीला जायची. तिथला मोठा साहेबही तेच पान बघायचा. खालची मिसल कुणी उघडली तर उघडली, नाहीतर दोरीची गाठ तशीच परत यायची.

ह्यांचा हात त्या कामावर चांगला बसला होता. बाईमाणसानं सकाळभर रडत-कुढत सांगितलेलं आपण दोन ओळींत कसं मांडलं, ते मला कौतुकानं वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, "मग माझं बोलणंही दोनच ओळी ऐकत असाल." त्यावर हसायचे. वाईट माणूस नव्हता हो माझा नवरा. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी त्यांना नावं ठेवलेली मला खपणार नाहीत. ठेवायची ती मी ठेवली आहेत.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेतल्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडावाचून गत राहिली नाही, असं हे सांगायचे. मला दिसायच्या त्या गाड्या. दारावरून एकामागून एक चालायच्या आणि खळ म्हणून नसायचा. कापसाचे तंतू वरणावर तरंगायचे, तुळशीत अडकायचे, वाळत घातलेल्या लुगड्याला चिकटायचे. गाडीवानांना कधी नव्हे तो भाव आला होता. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, आणि माणसांच्या बोलण्यात ताठा आला. पुढं कोणाची गाडी आणि मागं कोणाची, यावरून रोज कुठे ना कुठे जुंपायची.

अशाच एका भांडणाचा खटला दर्यापूरच्या बाजूनं अकोल्यात आला. गाडीवान दोघे, एक पोरसवदा आणि एक उतारवयाचा. सकाळी मुक्कामावर पुढं निघण्यावरून दोघांची बाचाबाची झाली आणि तरणा सगळ्यांदेखत म्हणाला, "तुले पाहून घेतो." दुपारी म्हातारा रस्त्यात पडलेला, डोकं फुटलेलं, बाजूला त्याची गाडी उलथलेली. आणि तरणा त्याच्याजवळ बसलेला, हातात गाडीच्या कडेची उभारी, म्हणजे तो उभा दांडा असतो ना, तो. पोलीस म्हणाले, या उभारीनंच तू त्याला मारलंस. तो म्हणाला, बैल उधळले, गाडी त्याच्या अंगावर गेली, ती उचलायला मी उभारी काढली. रस्त्याला तिसरं माणूस नव्हतं. बाजूच्या शेतात एक म्हातारी बाई कापूस वेचत होती, ती ओरडा ऐकून धावली होती. पोराच्या बाजूनं बोलणारी ती एकटी.

तिची साक्ष झाली, आणि तिच्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही. गाडीवानाला काळं पाणी ठोठावलं. त्याच्या भावानं वकील गाठून अपील केलं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कचेरीतल्या गोष्टी हे जेवताना सांगायचे, त्यातल्याही गमतीच्या तेवढ्या. एके दिवशी सकाळी कचेरीत जायच्या आधी पानावर बसले आणि म्हणाले, "काल एक मिसल अपिलासाठी बांधायला घेतली. तुमच्या वऱ्हाडात मेलेली माणसंसुद्धा साक्षीदारांशी गप्पा मारतात बरं का."

मीही हसले. म्हटलं, काय म्हणाला मेलेला?

ह्यांना एकदा ऐकलेलं कधी विसरायला होत नसे. त्यांनी म्हातारीचा आवाज काढून तिचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "मी धावत गेली तं तो मरून राह्यला होता. पानी पानी करून राह्यला होता. म्या तोंडात पानी घातलं तं मले म्हने, माय, या पोराचा काई कसूर नाई, बैल उधळले." मग आपल्या आवाजात म्हणाले, "मरून राहिला होता म्हणते, आणि वर त्याला पाणी पाजते. साहेब पोट धरून हसला."

माझ्या हातात ताकाची वाटी होती. ती मी पानाशी ठेवलीच नाही.

"अहो, पण मग तो मेला कुठे होता?"

"म्हणजे? मरून राहिला होता. तिचेच शब्द आहेत."

"मी आत्ता काय करून राह्यली?" मी विचारलं. रागात माझ्या तोंडून माहेरचंच यायचं.

"काय?"

"तुमाले वाढून राह्यली. वाढून झालं का माझं? वाढून बसली का मी? वाढते आहे. तसा तो मरून राह्यला होता. मरत होता हो तो. जिवंत होता."

ह्यांचा घास हातातच राहिला. 'करून राहिलो' हे काय त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं? रोज माझ्या तोंडून ऐकायचे, चेष्टा करायचे, चार लोकांत नक्कल करायचे. पण ते घरातलं. तेच शब्द कचेरीत कागदावर उतरले की पुण्याचे होऊन जायचे. पुण्यात कुणी मरून राहिला म्हणजे मेला आणि तसाच पडून राहिला. त्यांनी गोषवाऱ्यात काय लिहिलं होतं ते मी विचारलं. डोळे पानावर ठेवूनच त्यांनी सांगितलं. सदरहू बाई जागेवर पोहोचली तेव्हा इसम मयत झालेला होता असे ती स्वतः म्हणते, पुढे मयताने आपल्याशी बोलणे केले असेही म्हणते, सबब बाई भ्रमिष्ट दिसते. साहेबानं निकालात तोच 'भ्रमिष्ट' उचलला होता, आणि तो निकाल भर कचेरीत मोठ्यानं वाचला होता.

मग लागले बाजू सावरायला. एका शब्दानं काय होतं, भांडण तर झालंच होतं, उभारीला रक्त तर होतंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मरता माणूस स्वतःच्या तोंडानं सांगून गेला की याचा कसूर नाही, याहून तुमच्या साहेबाला आणखी काय पाहिजे होतं? देवानं खाली येऊन साक्ष द्यायची होती का? हे न जेवता हात धुऊन उठले आणि पगडी घालून गेले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मला त्यांचा संताप यायचा आणि कीवही यायची. साहेबापुढे जाऊन काय म्हणणार, तुम्ही दिलेला निकाल माझ्या चुकीवर उभा आहे म्हणून? नोकरी गेली असती. आणि नाही बोलावं तर एक पोर समुद्रापार जाणार, ते पुन्हा घराचं तोंड पाहायचं नाही. ओसरीवर कुणी वाटसरूनं पाणी मागितलं तरी हे दचकून बघायचे. एकदा मला म्हणाले, "मी त्या माणसाला त्याचं शेवटचं वाक्य बोलू दिलं नाही गं. तो बोलला, आणि मी त्याला आधीच मारून ठेवलं." खरंच होतं ते.

पण गेले ते साहेबाकडे. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून नेलं, की 'मरून राहिला होता' याचा अर्थ या प्रांती 'मरणोन्मुख होता' असा आहे, गोषवाऱ्यात चूक माझी आहे, आणि ही चिठ्ठी मिसलीसोबत वर जावी. साहेब खूप बोलला. ह्यांना गोषवाऱ्यांवरून काढून नकला उतरवायला बसवलं. पण चिठ्ठी अडवली नाही, एवढं त्याचं श्रेय त्याला. त्या दिवशी मी पुरण घातलं. ह्यांनी विचारलं, आज कुठला सण? मी म्हटलं, असाच.

अमरावतीच्या साहेबानं चिठ्ठी वाचली आणि हुकूम काढला, बाईची जबानी आपल्यासमोर पुन्हा घ्यावी, आणि ह्यांनी मिसल घेऊन हजर राहावं. आम्हाला वाटलं, पोरगा सुटला. ती बाई येणार, होतं ते सांगणार, आणि या वेळी ऐकणाऱ्याला कळणार. एवढंच तर बाकी होतं. पण सरकारी काम, कागद इकडून तिकडे जाईस्तो पेरण्या झाल्या, पाऊस संपला, पुन्हा वेचणी लागली. तेव्हा कुठे तारीख पडली. मीही ह्यांच्याबरोबर माहेरी आले. मी देवीला ओटी बोलले होते.

ओटी भरायला गेले ती दुपारची वेळ होती. देवळामागच्या धर्मशाळेत एक म्हातारी भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिच्या गावचा जागल्या राखणीला म्हणून दाराशी पेंगत होता. तो म्हणाला, दर्यापूरकडून आणली आहे बुढीला, उद्या साहेबापुढे उभी करायची आहे. मी लगेच ओळखलं. मला वाटलं, माझ्या देवीनंच गाठ घालून दिली. मी जाऊन तिच्याजवळ बसले.

तिच्यापाशी दोन गडवे होते. एकातून ती पाणी प्यायली. दुसरा काठोकाठ भरलेला, जरा लांब ठेवलेला, वर पान झाकलेलं.

"मावशी, हा कोणाले?" मी विचारलं.

"तो मांगते ना," ती म्हणाली. एखादीनं नातवासाठी भाकरी झाकून ठेवली म्हणून सांगावं, तितक्या सहज.

मग तिनं सगळं सांगितलं. मी विचारलंही नव्हतं, पण तिच्याजवळ बसायला कुणी आलंच नसावं बऱ्याच दिवसांत. निकाल वाचला तेव्हा तिच्या गावचे गाडीवान कचेरीत होते. ती पायी घरी पोचायच्या आत त्यांच्या गाड्यांनी बातमी नेली, की ही बुढी मेलेल्यासंग बोलते, साहेबाच्या कागदात लिवलं हाय. वेचणीला गेली तर शेजारची पात, म्हणजे वेचायची ओळ, धरायला बाया तयार होईनात. "माह्यासंग कोनी कपास वेचे ना, बाई. पोरायले बाया पदराआड घेत मले पाहून. सुनेनं चूल येगळी केली." मग घरच्यांनी भगत आणला. त्यानं कडुनिंबाचा धूर दिला, केस ओढले, विचारलं, सांग कोण आहे अंगात. "म्या म्हनलं, कोनी नाई रे बापा. तो म्हने, हाय. लय मारलं मले."

"अन् मंग?"

"मंग तो याले लागला."

भर उन्हात, वेचता वेचता, मागच्या पातीतून. पाणी माय, पाणी. ती वळून बघायची तर कापसाच्या नुसत्या पऱ्हाट्या हलत असायच्या. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, दिवसाढवळ्या, देवीच्या देवळामागं बसून माझ्या अंगावर काटा आला. मला भुताची भीती नाही वाटली. मला वाटली त्या एका पानाची. कचेरीत बसून माझ्या नवऱ्यानं लिहिलेलं पान, आणि त्यातून निघून तो माणूस हिच्या शेतात जाऊन उभा राहिला होता.

मी तिचा हात धरला. "मावशी, मी काय म्हणते ते ऐका. तुम्ही धावत गेल्या तेव्हा तो मरून राह्यला होता ना? म्हणजे जिता होता ना?"

"तेवा मलेबी तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.

"मग तसंच सांगा उद्या. वाटलं होतं तेच सांगा."

"पन कचेरीत लिवलं ना, बाई. सगळ्यायसमोर वाचून दाखोलं. एवढे शिकले-सवरले लोकं, त्यायले मालूम नसन का मेलेला कोन अन् जिता कोन?"

मी सांगितलं, ते लिहिणारा माझाच नवरा आहे. त्याला तुमची बोली कळली नाही. चुकला तो. त्यानं स्वतः साहेबाला लिहून दिलं आहे की मी चुकलो, म्हणून तर तुम्हाला परत बोलावलं. मला वाटलं, आता तरी तिला कळेल. ती माझ्याकडे मायेनं बघत राहिली. मला काही समजत नाही म्हणून तिला माझीच कीव येत होती.

"तुहा नवरा चांगला असन वं माय," ती म्हणाली. "पन मंग माह्या मांगं रोज येते, तो कोन हाय?"

मी त्या पोराचं सांगितलं, त्याला समुद्रापार नेतील म्हटलं, त्याच्या मायबापांसाठी तरी जिता होता म्हणा. म्हातारीनं देवळाच्या शिखराकडे बघून हात जोडले.

"देवीच्या दारात बसून खोटं बोलू का मी?"

मी उठून आले. घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, साहेब सरळ प्रश्न विचारील, सरळ विचारल्यावर म्हातारी सरळ सांगेल. त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता, पण काहीतरी म्हणायला पाहिजे म्हणून म्हणाले. सकाळी माझ्या माहेरच्या दारावरून त्या पोराला कचेरीकडे नेलं. पायात बेडी होती, ती वर धरून चालत होता. भाऊ बरोबर होता आणि हातात नवं धोतर घेऊन निघाला होता, सुटल्यावर नेसवायला. ते धोतर बघून मी आत निघून गेले.

पुढचं ह्यांनी संध्याकाळी सांगितलं ते. साहेबानं 'मरून राहिला'चा घोळच नको म्हणून नेमकं विचारायला लावलं, तू पोचलीस तेव्हा माणूस जिवंत होता की मेलेला?

"मेलेला, साहेब."

साहेबानं परत विचारलं. वकिलानं विचारलं. ह्यांनी तर तिच्याच बोलीत विचारलं, जिता होता का, मावशी, श्वास घेऊन राह्यला होता का?

"मेलेलाच होता. अजूनबी येते."

तेव्हा तो पोरगा मधेच बोलला. शिपायानं दटावलं तरी थांबला नाही. म्हणाला, "मावशी, तुनं त्याच्या तोंडात पानी घातलं. डोस्कं म्या धरून ठेवलं होतं मांडीवर. त्यानं तुह्या हाताले हात लावला. आठोत नाई का तुले?"

म्हातारी त्याच्याकडे वळली. "आठोते ना, बापू," ती म्हणाली. "सगळं आठोते. पन तेवा मले मालूम नोतं तो मेलेला हाय म्हनून."

साहेबाला ते काही समजलं नाही. त्यानं ह्यांच्याकडे बघून विचारलं, थोडक्यात काय म्हणते बाई?

मी ह्यांना विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"काय सांगणार?" हे म्हणाले. "मयत होता म्हणते, असं सांगितलं."

अपील तिथंच निकालात निघालं, काळं पाणी कायम राहिलं. भाऊ ते नवं धोतर तसंच घडी केलेलं घेऊन आमच्या दारावरून परत गेला.